कब्रस्तानातली बिनगियरची गाडी

म्हातारपणी नवीन वाहन चालवायला शिकू नये असं माझं मत आहे. हे मत मी गवत कापायच्या गाडीवर, कब्रस्तानाच्या मधोमध, भर उन्हात बसून बनवलेलं आहे. त्यामुळे ते आता सहजासहजी बदलायचं नाही.

सुरुवात गवतानं केली. त्या वर्षी नशिराबादला पाऊस असा लागला की आमच्या कब्रस्तानातलं गवत माणसाच्या छातीला आलं. एरवी याचं कोणाला फारसं दुःख होत नाही. आत राहणारे तक्रार करत नाहीत आणि बाहेरचे लोक कोणी गेल्याशिवाय आत जात नाहीत. पण त्याच पावसात माझी थोरली बहीण, आबेदा आपा, न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. जळगावच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, एकदा फोटोकडे आणि एकदा आपाकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात, या हृदयावर, आता उघडून उपयोग नाही. घरी न्या. खायला मागतील ते द्या."

डॉक्टरांना वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. ऐकू येत नाही असं दाखवून आपानं आयुष्यभर पुष्कळ माहिती गोळा केली होती. घरी खाटेवर टेकवल्याबरोबर ती म्हणाली, "ऐकलंस ना चांद? उघडून उपयोग नाही. म्हणजे आता दुकान बंदच करायचं. तेवढी माझी जागा बघून ठेव. शेहजादच्या शेजारी."

शेहजाद तिचा मुलगा. ऐन विशीत गेला. पाइपच्या कारखान्यातून सायकलवर घरी येत होता, हायवेवर ट्रकनं उडवलं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे आपल्या पोराची कबर आपानं कधी पाहिलेली नव्हती. पाहिली होती ती मी. माती दिली होती ती मी. तेव्हा जागा चांदला ठाऊक आहे, असं सगळं घर धरून चाललं होतं. मीही तसंच धरून चाललो होतो.

बघायला गेलो आणि गेटातच थांबलो. खूण म्हणून ज्या निंबाकडे मी बघायचो तो निंब मागच्या वादळात पडला होता आणि त्याचं लाकूडही कोणीतरी पोटापाण्याला लावलं होतं. दुसरी खूण म्हणजे शहाबादी फरशीचा एक तुकडा. तो मी शेहजादच्या डोक्याशी उभा केला होता. त्यावर नाव नव्हतं. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. माझं बारदानाचं दुकान आहे, डाळमिलांना रिकाम्या गोण्या पुरवतो. अक्षरं मी पन्नाशीनंतर त्या गोण्यांवरच्या छापांवरून शिकलो. म्हणून 'निव्वळ वजन' हा शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता यायला लागला. असो. फरशीचा तो तुकडा त्या गवतात कुठंतरी होता, आणि सापही होते.

गावात बांधकामापासून इंजिनापर्यंत सगळं बघणाऱ्या सुकदेव मिस्तरीनं चार मजूर पाठवले. ते गेटापाशी बसून तंबाखू खाऊन परत गेले. त्यांचा मुकादम म्हणाला, "चाचा, आत जाणारा परत येतो असं एक तरी उदाहरण दाखवा." मग बकऱ्या सोडल्या. बकऱ्यांनी कडेची नवी लावलेली फुलझाडं खाल्ली, गवताचा वास घेतला आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की हे तूच खा. औषध मारावं असं कोणी सुचवलं, तर कब्रस्तान कमिटीचा सेक्रेटरी जुनैद मध्ये पडला. जुनैद शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, "मामू, मय्यतींवर विष फवारायचं?" मी म्हणालो, "त्यांना आता काय होणार आहे?" तर म्हणाला, "प्रश्न तो नाही." प्रश्न कोणता ते मात्र त्यानं सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांची ही सवय मी पुष्कळांत पाहिली आहे.

इकडे आपा रोज दुपारी विचारायची, "सापडला?"

"जवळजवळ."

"तू जवळजवळ म्हणालास की कामाला हातच लागलेला नसतो."

तिची मुलगी नाजमीन तिचं सगळं करायची. ती मला दाराबाहेर आणून हळूच म्हणायची, "मामू, अम्मी रात्रंदिवस तेच बोलते. तेवढं करून टाका." जसं काही मी मुद्दाम अडवून धरलं होतं.

शेवटी हे दुःख मी भिकमचंदशेठांच्या डाळमिलमध्ये बोलून दाखवलं. गोण्या मोजून देता देता माणूस काहीही बोलतो. शेठजींनी चष्मा वर केला आणि नातवाला हाक मारली. नातू अखिल. धुळ्याकडे त्यांचं फार्महाउस आहे, पुढं मोठं लॉन आहे, आणि ते कापायला परदेशी बनावटीची बसायची गाडी आहे. छोटा ट्रॅक्टरच म्हणा, पोटाखाली पाती असलेला. ती शेडमध्ये नुसती उभी होती, कारण चातुर्मास होता. जैन घर. पावसाळ्यात हिरव्यावर पाय ठेवायचा नाही, तिथं पाती कुठली फिरवणार? त्यामुळे शेठजींचं लॉनही छातीला आलं होतं, पण ते त्यांच्या पुण्यात जमा होत होतं.

"घेऊन जा," शेठजी म्हणाले. "पण एक सांगतो चांदभाई. कापाल ते तुमच्या नावावर कापा. माझं नाव मध्ये आणू नका."

अखिलनं मला गाडी समजावून सांगितली. "चाचा, हिला गियर नाही. क्लच नाही. हायड्रोस्टॅटिक आहे. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल चाकं फिरवतं. पेडल जेवढं दाबाल तेवढी जाईल. झटका म्हणून बसत नाही."

"टिकाऊ आहे का?"

"सपाट लॉनवर पुष्कळ टिकते. फक्त चढावर घालू नका, मागे ओझं ओढू नका, आणि तापली की थांबा. आता जरा थकली आहे. तापली की जोर करत नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच," मी म्हणालो. तो हसला. मी गंमत केली नव्हती.

छोट्या हत्तीत घालून, पारोळा, एरंडोल, जळगाव करत गाडी नशिराबादला आणली. आमच्या गल्लीतले खड्डे बघून टेम्पोवाला आत शिरेना म्हणून ती तोंडाशीच उतरवली. आता कब्रस्तानाचं गेट समोर दिसत होतं. ढकलली तर हलेना. आणखी माणसं लागली, तरी हलेना. चाकं जमिनीत रोवल्यासारखी. इंजिन चालू करून पेडल दाबावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण किल्ली माझ्या खिशात होती आणि मी सरबत पाजण्यात गुंतलो होतो. लोकांनी निकाल दिला, ब्रेक जाम आहे. आपल्याकडे न चालणाऱ्या वस्तूवर एकच इलाज आहे, दोर बांधायचा आणि ओढायची. ट्रॅक्टर असो, बैल असो, नाहीतर सासरी जायला निघालेली नवरी असो. कोणीतरी शेतातला मोठा ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली आणि आमची गाडी गेटापर्यंत घासत नेली. मागच्या चाकांचे दोन काळे पट्टे रस्त्यावर उमटले आणि पोटातून दळण दळल्यासारखा आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

या सगळ्यावर देखरेख होती पितांबरनानांची. नाना मूळचे धुळ्याकडचे, माझे शेजारी, ठिबकच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या मते जगातली प्रत्येक अडचण दाबाची असते. नळाला पाणी नाही, दाब नाही. पोरगा अभ्यास करत नाही, दाब नाही. त्यांनी गाडीच्या पोटाखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "चांदभाऊ, हाऊ पंप शे. तू कसाले घाबरस? पंपनं माले बठ्ठं समजस." पंपाचं आपल्याला सगळं समजतं, असा त्यांचा दावा होता.

पण अजून गाडी चालू करायची नव्हती, कारण जुनैदचा ठराव व्हायचा होता. कमिटी मशिदीच्या ओट्यावर बसली. ठराव असा झाला की मय्यतीच्या वेळी यंत्र बंद ठेवावं, आणि यंत्र कोणत्याही कबरीवरून नेऊ नये. यावर मी नम्रपणे विचारलं, "गवतात कबर दिसत नाही म्हणून तर गवत कापायचं आहे. मग कबर न दिसता ती चुकवायची कशी?" मग जुनैदनं ठरावात 'शक्यतो' हा शब्द घातला आणि चहा आला.

पहिल्या दिवशी गाडी अशी चालली की मला तरुणपणी लग्नात घोड्यावर बसल्याची आठवण झाली. घोडा मात्र जास्त हलत होता. पेडलवर पाय ठेवला की गाडी पाण्यात नाव सुटावी तशी सुटायची. झटका नाही, दचका नाही. गवत बाजूला पडत होतं, साप पुढच्या पुढे पळत होते, आणि भिंतीवर बसलेले लोक, ज्यांनी बकऱ्यांच्या वेळी मला नावं ठेवली होती, ते आता "चांदचाचा, जरा डावीकडे" असं आदरानं सांगत होते.

मग चढ लागला. आमचं कब्रस्तान मागच्या बाजूला उतरतं आणि मधून पुन्हा चढतं. पूर्वजांनी जागा घेताना गाडीचा विचार केला नव्हता. चढावर इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी थांबली. मी पेडल पार दाबलं. गाडी सावकाश मागे यायला लागली. माणूस पुढं तोंड करून, पुढं जायचं पेडल दाबून, सगळ्या गावासमोर मागे मागे येतो तेव्हा चेहरा कसा ठेवावा हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी सलाम करत मागे आलो.

"दाब पडना," पितांबरनाना म्हणाले.

सुकदेव मिस्तरीला बोलावलं. त्यानं खालचा पंपाचा डबा ठोकून बघितला, वास घेतला आणि हात पुसले. "चाचा, हा सीलबंद माल आहे. खोलायचा नसतो. आतलं घासलं की टाकून द्यायचा."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आपा प्रथमच हसली. "माझ्या डॉक्टरचा भाऊ आहे वाटतं हा तुझा मिस्तरी. बरं झालं. आता बघू, आधी कोण बसतं. ती का मी."

"आपा, असं बोलू नये."

"तू तिच्या बाजूनं आहेस का माझ्या ते सांग."

नानांना मात्र टाकून देणं हा शब्दच मान्य नव्हता. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात केळी जगवतात, डाळिंब जगवतात, तिथं एक लोखंडाचा डबा थंड ठेवता येऊ नये? त्यांनी सीटच्या मागे पाण्याचा कॅन बांधला, त्यातून काळी बारीक नळी खाली आणली आणि बरोबर त्या डब्याच्या माथ्यावर ठिबकचे थेंब सोडले. वरून माझ्या दुकानातलं ओलं गोणपाट. थेंब तापलेल्या डब्यावर पडला की चर्र करायचा. दुरून पाहिलं तर मी चहाच्या किटलीवर बसून कब्रस्तानात फिरतोय असं वाटायचं. पण गाडी चालली, हे कबूल केलं पाहिजे. थोडं कापायचं, पडलेल्या निंबाच्या बुंध्याशी तिला विसावा द्यायचा, कॅन भरायचा, पुन्हा थोडं कापायचं. उभं राहून बघायला लोक यायला लागले. एका ठिबकच्या दुकानदारानं तर फोटो काढून नेला.

कॅन भरायला मी तिला बाहेरच्या हौदाकडे नेत असे. गेटाच्या आत दोन भिंतींमधून एक बोळ आहे, जनाजा जाईल एवढाच रुंद. एके दिवशी त्या बोळाच्या मधोमध गाडी बसली. त्याच वेळी समोरून कलमा ऐकू आला. चक्कीवाल्या म्हाताऱ्याची मय्यत येत होती. चक्कीवाले माझे जुने ओळखीचे. बाजूला जायला जागा नव्हती. मला उतरायलाही जागा नव्हती, कारण दोन्हीकडून भिंत गुडघ्याला लागत होती. लोकांनी ढकलून पाहिलं, चाकं तश्शी रोवलेली. मागं मोठी गर्दी, वर ऊन, आणि जनाजा खांद्यावर थांबवून ठेवायचा नसतो.

जुनैदनं माझ्याकडे बघितलं. ठरावातलं पहिलंच कलम मोडलं होतं.

मग लोकांनी जनाजा हातांवर घेतला, उंच केला आणि गाडीवरून, माझ्या डोक्यावरून पुढे दिला. मी मान खाली घालून, पेडलवर पाय ठेवून, बसून राहिलो. वरून चक्कीवाले गेले. खाली ठिबक चालू होतं. चर्र, चर्र. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्यांत मागून येणारा एक माणूस बोनेटवर चढून पलीकडे उतरला आणि जाता जाता मला म्हणाला, "चाचा, बसून राहा, परत येताना पुन्हा इथूनच यायचंय."

त्या संध्याकाळी मी अखिलला फोन लावला आणि विचारलं की ही गाडी बंद असली की ढकलता का येत नाही.

"येते की चाचा. मागे छोटा लिव्हर आहे, तो ओढायचा. मग चाकं मोकळी होतात. तो न ओढता हलवलीत तर आतला पंप फुटतो." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही कधी ओढली-बिढली नाही ना?"

मला ते दोन काळे पट्टे आठवले. आणि टाळ्या.

"थोडीशी," मी म्हणालो.

"कशानं?"

"ट्रॅक्टरनं."

अखिल मोठ्या घरातला सभ्य मुलगा आहे. तो एवढंच म्हणाला, "मग तिचे दिवस भरलेत चाचा. चालते तोवर चालवा."

असं होऊनही गवत कापून झालं. कसं झालं ते मलाच माहीत. शेवटचा पट्टा कापून मी खाली उतरलो आणि जुन्या निंबाच्या बुंध्यापासून चालायला लागलो. फरशीचा तुकडा दिसला. मग शेजारी दुसरा दिसला. मग तिसरा. मग त्या अख्ख्या भागात जिकडे पाहावं तिकडे शहाबादी फरशीचे तुकडे, सगळे सारख्या रंगाचे, सारखे तिरपे झालेले. तेव्हा मला आठवलं. शेहजाद गेला त्या साली मशिदीची जुनी फरशी काढली होती. तुटलेल्या तुकड्यांचा ढीग दाराशी पडला होता आणि ज्याच्या घरी कोणी गेलं तो त्यातलाच एक उचलून आणत होता. मीही आणला होता. त्या काळी आमच्यातल्या फार थोड्यांना लिहिता येत होतं, त्यामुळे एकावरही नाव नव्हतं. मी प्रत्येकासमोर वाकून बघितलं. मला नीट वाचता येतं. वाचायला काही नव्हतं.

पितांबरनाना माझ्या मागे उभे होते. ते दाबाबद्दल काही बोलले नाहीत.

घरी आपानं विचारलं, "सापडला?"

मी खाटेच्या कडेला बसलो. वाटेत मी तीन-चार उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. मी फरशांचं सांगितलं. नाजमीन कोपऱ्यात तोंडाला ओढणी लावून उभी राहिली. आपा छताकडे बघत होती.

"सगळे सारखे?"

"सगळे सारखे."

"मग मला ने. मी बघते."

"आपा, बायका तिथं..."

"मेल्यावर नेणारच आहात ना? मग चार दिवस आधी नेलं तर कब्रस्तानाचं काय झिजतं?"

जुनैदला कळलं तसा तो धावत आला. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला, की खालाजान, रिवाज आहे, लोक काय म्हणतील, कमिटीला विचारावं लागेल. आपानं त्याला पुरतं बोलू दिलं.

"जुनैद, तू झालास तेव्हा तुझ्या आईला ताप होता. तुला कोणी पाजलं?"

जुनैद आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"शेहजादला एका बाजूला आणि तुला एका बाजूला. तो तुझा दूधभाऊ आणि मी तुझी दूधआई. आता आईला सांग, कमिटीला विचारतो म्हणून."

जुनैदनं चप्पल काढली. ती पुन्हा घातली. "सकाळी, ऊन व्हायच्या आत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "फज्रच्या नमाजनंतर तिथं कोणी नसतं." ठराव वगैरे काही झाला नाही.

नेणार कसं, हा प्रश्न होता. रिक्षा आणली. आपाला उचलून बसवलं आणि पहिल्याच खड्ड्याला ती अशी ओरडली की रिक्षावाल्यानं स्वतःच गाडी बंद केली आणि कान धरले. खाटेवर घालून खांद्यावर न्यावं म्हटलं, तर आपा म्हणाली, "तसं एकदाच जाईन. उगाच दोनदा नको." आमच्या रस्त्यावर झटका न देणारी वस्तू एकच होती, आणि ती कब्रस्तानात गोणपाट पांघरून उभी होती.

चढावर घालू नका. मागे ओझं ओढू नका. अखिलनं दोनच गोष्टी मुख्यतः सांगितल्या होत्या आणि मला त्या दोन्ही करायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही गाडी आपाच्या दाराशी आणली. मागे हातगाडी जोडली. तिच्यावर बारदानाची जाड गादी, वर दुलई, वर आपा. बुरखा, चष्मा, मांडीवर पाण्याची बाटली. नानांनी ठिबकच्या जोडीला हातात बादली घेतली आणि डब्याच्या शेजारून चालायला लागले. जुनैद पुढे, वाटेतले दगड उचलत, खड्डे दाखवत. नाजमीन हातगाडीला धरून. मी पेडलवर पाय ठेवला.

गाडी सुटली. मी मागे वळून विचारलं, "आपा, दुखतंय का?"

"नाही. अरे, खरंच नाही." आणि मग, "माझ्या लग्नात अशी गाडी असती तर कंबर तेव्हाच वाचली असती. पुढं बघ, भिंतीवर घालशील."

दाराआडून लोक बघत होते. एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "आबेदा, कुठं चाललीस?" आपा म्हणाली, "पोराकडं." म्हातारीनं वाटेतली बादली बाजूला केली.

बोळातून गेलो. उतार उतरलो. चढ लागला तेव्हा नानांनी अख्खी बादली ओतली. वाफ उठली, जळक्या तेलाचा वास आला. मी पेडल दाबून धरलं. ती मुंगीच्या चालीनं चढली. वर आली. सपाटीला लागून थोडी पुढे गेली, आणि पोटात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मग काही नाही. इंजिन चालू, चाकं गप्प. खालून काळं तेल वाहून गवताच्या खुंटांत मुरायला लागलं. मी किल्ली फिरवली. एकदम पाखरांचा आवाज ऐकू आला.

"बसली?" आपानं विचारलं.

"बसली. आता उठायची नाही."

"जिंकले मी," आपा म्हणाली. पण तिचं लक्ष गाडीकडे नव्हतं. ती त्या फरशांकडे बघत होती. एक, मग दुसरी, मग लांबची. बघता बघता तिचा हात दुलईवरून असा फिरत होता, जसा मूल झोपलं की नाही ते बघायला फिरवतात.

"चांद, यातला कुठला?"

"यातलाच कुठलातरी, आपा."

मग तिनं हातगाडीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. डाव्या अंगाला एक तिरपी फरशी होती, बाकीच्यांसारखीच.

"इथं."

"कशावरून?" हा प्रश्न जुनैदनं विचारला. मास्तर आहे.

"माझी ताकद इथं संपली," आपा म्हणाली. "याच्यापुढं माझा पोरगा मला चालवायचा नाही. तसा नव्हता तो."

परत येताना तिला खाटेवर उचलून आणावं लागलं. दुखलं असणार. तिनं नाजमीनचा हात सोडला नाही.

त्यानंतर ती कोणाला काही विचारेनाशी झाली. नाजमीननं खीर केली, ती खाल्ली. जुनैद रोज येऊन पायाशी बसायचा. जुम्म्याच्या दुपारी, नमाज सुटून लोक घरी परतत असताना, आपा गेली.

कबर खणायला माणूस गेला आणि परत आला. म्हणाला, "चाचा, तुम्ही दाखवलेल्या जागेवर गाडी उभी आहे." ती तिथंच होती. कोणी नेली नव्हती, मीच कोणाला नेऊ दिली नव्हती. हातगाडी सोडवून घेताना लिव्हर ओढून तिला जरा मागे लोटलं होतं आणि ती बरोबर आपाच्या जागेवर येऊन थांबली होती. मी गेलो, मागचा छोटा लिव्हर ओढला, आणि नानांनी एका हातानं ढकलली तशी ती मुकाट्यानं बाजूला झाली. तेलानं काळी झालेली माती आधी खरवडून टाकावी लागली. तेल खोल गेलं होतं. जुनैद शर्टाच्या बाह्या वर करून हातानं ती माती उचलून टोपलीत भरत होता, आणि जवळ येणाऱ्याला "राहू द्या" म्हणत होता.

मग कुदळ लागली. वरचा थर कडक होता. खणणारा कमरेइतका खाली गेला आणि थांबला. त्यानं डाव्या बाजूला हात लावला, थोडी माती चुरून पाहिली.

"उजवीकडे कोरी जमीन आहे चाचा," तो म्हणाला. "डावीकडे भुसभुशीत लागतेय. इथं शेजारी कोणीतरी आहे."

जुनैद माझ्याकडे बघायला लागला. पितांबरनानाही बघायला लागले. बोळाकडून कलमा ऐकू यायला लागला होता.

"कोण आहे?" खणणाऱ्यानं विचारलं. "सांगा म्हणजे तसं जपून घेतो."

"तिचा मुलगा आहे," मी म्हणालो. "हळू खण."